गंजातल्या कण्या

(पहाट. अंधारात जातं फिरतंय.)

यवतमाळ जिल्हा, अडाण नदीचं खोरं, डिसेंबर महिना. गाव अजून गोधडीत आहे आणि या घरात ज्वारी भरडली जाते आहे. दळत नाहीत, भरडताहेत. जात्याच्या मधल्या खिळ्याला आजींनी चिंधीचा वेढा दिलाय, त्यानं वरचा दगड केसभर उचलला गेलाय. फट मिटली तर पीठ पडेल, वाढली तर दाणा अख्खाच बाहेर येईल. आजी फटीकडे बघत नाहीत. मूठ मूठ ज्वारी सोडतात आणि कान जात्याकडे ठेवतात. घरघर बदलली की हात थांबतो.

हीच ज्वारी काल दुपारी पाण्याचा हात लावून उखळात कांडली होती, वरचं टरफल सुटावं म्हणून.

(सूप, अगदी जवळून.)

या घरात सूप म्हणजे हे, बांबूचं. पीठ चाळणीनं आधीच निघालंय, ते संध्याकाळच्या भाकरीला. आता सुपात कोंडा आणि कण्या. तीन झटके, एक घोळ. कोंडा सुपाच्या तोंडाशी येतो आणि अंगणातल्या कोंबड्यांपुढे पडतो. मागे राहतात त्या कण्या, रव्याहून जाड, तांदळाच्या चुरीएवढ्या. त्या पाण्यात पडल्या की आजींचं सकाळचं काम झालं.

मांस आणि भरडलेलं धान्य एका भांड्यात शिजवणं हे जगात पुष्कळ ठिकाणी चालतं. युरोपातल्या थंड मुलखांत गोमांस आणि जव यांचा दाट रस्सा करतात, स्कॉटलंडमध्ये मेंढीचं मांस आणि जव. जव म्हणजे सातू. आपल्या जवसाशी त्याचा संबंध नाही. जवात बीटा-ग्लुकॅन नावाचा तंतू असतो, तो पाण्यात सुटून रस्सा बांधून आणतो. आपल्याकडे हे काम ज्वारीच्या कणीतला स्टार्च करतो. तिथे जी पद्धत गरिबाच्या चुलीवरून निघून पाककृतींच्या पुस्तकात गेली, तीच इथे आजींच्या हातात आहे आणि फारशी कुठे लिहिलेली नाही. ही चित्रफीत त्यासाठी आहे.

(दुपार. परातीत मटण.)

हे मोठ्याचं मटण. हेल्याचं, म्हणजे रेड्याचं. राज्यात १९७६ च्या कायद्यानं गायीची कत्तल बंद झाली, २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. म्हैस आणि हेला राहिले. या घरात आता महिन्यातून एखाद्या वेळीच मटण येतं.

परातीकडे बघा. चरबी पांढरीशुभ्र आहे. गायीच्या चरबीवर पिवळी झाक असते, चाऱ्यातल्या रंगद्रव्याची. म्हशीच्या चरबीत ती उतरत नाही. मांसाच्या धाग्यात चरबी कमी, म्हणून घाईनं शिजवलं तर ते दातात अडकतं. आजींनी मागवलंय ते नळीचं आणि सांध्याचं, जिथे शिरा आणि कूर्चा जास्त. दुकानात हेच सगळ्यात स्वस्त. चांगला रस्सा मात्र याच तुकड्यांतून निघतो.

परात धुताना आजी दोनदा एकच वाक्य बोलल्या.

"ताजं हाये बाबू. इकत आणलं हाये."

हे त्या आमच्यासाठी बोलत नव्हत्या. मेलेलं ढोर ओढणं हे या घराच्या मागच्या पिढ्यांवर लादलेलं गावकीचं काम होतं, आणि त्याचं मांस हीच त्या कामाची मजुरी. एकदम मिळालेलं मांस टिकावं म्हणून पट्ट्या कापून दोरीवर वाळवायचे, त्या चान्या. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. चुलीच्या वरच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे, धुरानं काळपटलेली चौकट आणि स्वच्छ पुसलेली काच. "इकत" या शब्दाला या घरात किती वजन आहे, ते परातीवरच्या या हातांत दिसतं.

(चूल पेटते.)

आधी मागल्या सालच्या पऱ्हाट्या. कपाशीचं हे वाळलेलं काड चटकन पेटतं आणि चटकन संपतं. गंज, म्हणजे इकडचं पातेलं, तापतो, पळीभर तेल, दोन कांदे, ठेचलेला लसूण, आलं, हळद. मग मटण. पाणी नाही. मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, ते आटतं, बुडाला तपकिरी थर धरायला लागतो. इथे नवशिका माणूस घाबरून पाणी ओततो. आजी थांबतात. वास बदलतो. कच्चा वास जाऊन भाजलेल्या कांद्याचा, हाडाचा वास अंगणापर्यंत येतो. तेव्हा दुसऱ्या चुलीवरचं कढत आधण पडतं आणि बुडाचा थर सुटून रश्श्यात जातो. रंग तिथून आलाय.

आता पऱ्हाट्या बाजूला आणि बाभळीचं एक जाड लाकूड आत. एकच. गंजावर ताट, ताटात पाणी. आतली वाफ ताटाच्या पोटाला लागून परत खाली पडते, आणि वरचं पाणी आपोआप तापून बसतं. रस्सा आटला की तेच घालायचं. गार पाणी घालायचं नाही.

मंद आचेवर अडीच तास. शिरांमधलं आणि कूर्चेतलं कोलॅजन या आचेवर हळूहळू जिलेटिन होऊन रश्श्यात उतरतं. धडधडून उकळलं तर मांस आवळतं आणि रस्सा गढुळतो. आजी पळीनं वरचा फेस तेवढा काढतात आणि लाकूड दोन बोटं मागे ओढतात. थर्मामीटर म्हणायचा तर ते लाकूडच.

मधल्या वेळात पाटा. सुकं खोबरं, धने, जिरं निखाऱ्यावर भाजून घेतलेलं, लसणाच्या आणखी चार पाकळ्या, लाल मिरच्या. मिरची भिवापुरी मिळाली तर बरी असं आजी म्हणतात. आज बाजारात मिळाली ती आहे. वाटण फार नाही, मुठीत मावेल एवढं. हॉटेलातल्या लाल तर्रीची सवय असलेल्या जिभेला हे फिकं वाटेल. मला विचाराल तर मटणाची चव मसाल्याखाली न पुरणं, हीच या रश्श्याची खरी हुशारी.

(कण्या गंजात पडतात.)

भिजून फुगलेल्या कण्या आता. मांस हाडावरून सुटायला लागलं की त्या टाकायच्या, त्याआधी नाही. पुढचा पाऊण तास पळी हातातून सुटत नाही, कारण कणी बुडाला बसते आणि बसली की करपते. रस्सा हळूहळू जड होतो. आधी पळीवरून पाण्यासारखा उतरत होता, आता पळीच्या पाठीवर थर धरतो.

शेवटी ओंजळभर सोले. तुरीच्या हिरव्या शेंगांचे हे दाणे आज सकाळीच धुऱ्यावरच्या तुरीतून तोडलेत. वर सांबार. बाहेरच्या प्रेक्षकांसाठी सांगतो, विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

आणि ही ज्वारी कुठली, ते हे शेत. सगळी कपाशी, आणि कडेला ज्वारीची चार तासं, म्हणजे चार ओळी. या भागात सोयाबीन आलं तशी ज्वारी आटत गेली, कडबा गेला, कडब्यावर जगणारी जनावरं विकली गेली. उरलेल्या ज्वारीवर रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येतात. आजींच्या हट्टापायी ही चार तासं अजून पेरली जातात, आणि सून रात्री राखणीला जाते.

(संध्याकाळ. वेचणीहून बाया परततात.)

सून आणि नात कापसाची वेचणी करून आल्यात. पाठीवरची ओटी सुटते, बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं आधी पाण्यात, मग ताटाकडे.

नातीच्या ताटात नळी आहे. ती ताटाच्या काठावर दोनदा ठोकते. मगज सुटत नाही. आजी तिच्या हातातून नळी घेतात, उलटी धरतात, एकदाच ठोकतात. मगज अख्खा कण्यांवर पडतो.

(दुसरी सकाळ.)

रात्री उरलेला रस्सा थंडीनं थिजलाय. वाटी हलवली की थरथरतो. आजी चमच्यानं त्याचा तुकडा कापतात, तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर ठेवतात. तो कडेनं वितळायला लागतो, भाकरीच्या पापुद्र्यात जिरतो. नात उभ्याउभ्याच खाते. वेचणीला निघालेल्या बायांचा आवाज वाटेवर आलाय, ती उरलेला घास हातात घेऊनच बाहेर पडते.