बक्षिसाची सहल आणि वहिनींची वही

नमस्कार श्रोतेहो.

मॉलमध्ये कुणीतरी हसून एक कूपन भरून घेतं. नाव, मोबाइल, लग्न झालंय का, घरात गाडी आहे का. आठवड्याभरात फोन येतो: अभिनंदन, तुम्हाला तीन दिवसांची सहल लागली! फक्त नवरा-बायको दोघांनी हॉटेलात येऊन व्हाउचर न्यायचं. आज बोलायचंय ते या बक्षिसामागच्या टाइमशेअरबद्दल. म्हणजे आज काही लाख भरा आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं, वर्षातल्या ठरावीक रात्री रिसॉर्टात राहा.

दोघांनीच का यायचं? एकटा माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून सुटतो. दोघं आले की ती वाट बंद.

आमच्या इमारतीतले अण्णा आणि वहिनी असेच गेले. फुकट म्हटलं की अण्णांना राहवत नाही. हॉलमध्ये गाणी एवढ्या मोठ्यानं, की शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते ऐकूच येऊ नये. (हल्ली लग्नातही हेच. आलेल्या पाहुण्याशी दोन शब्द बोलायची सोय उरलेली नाही. असो.) मधूनच माइकवर घोषणा व्हायची, 'नव्या सदस्य कुटुंबाचं स्वागत!' की टाळ्या. समोर बसलेल्या मुलानं विचारलं, ''काका, सुट्टीवर वर्षाला किती खर्च होतो?'' अण्णांनी जरा फुगवूनच सांगितला. मुलानं तोच आकडा पंचवीसनं गुणला, वर महागाई चढवली आणि खाली लाल गोल काढला. अण्णांनी खिशातलं क्रेडिट कार्ड चाचपलं.

वहिनी भिशी चालवतात, त्यामुळे पिशवीत वही असतेच. त्या शांतपणे विचारत होत्या आणि लिहीत होत्या. दिवाळीत गोवा मिळेल? ''हो काकू, कधीही!'' लिहिलं. मेन्टेनन्स वाढणार नाही? ''नाममात्र हो!'' लिहिलं. नको झालं तर परत विकता येईल? ''आम्हीच विकून देऊ!'' तेही लिहिलं. दोन तासांनी मुलानं करार पुढे सरकवला. ''ही किंमत आजच्यापुरतीच. इथं सही करा.'' वहिनींनी आपली वही त्याच्यापुढे सरकवली. ''करते की. आधी तू इथं कर. तूच सांगितलंस ते लिहिलंय, तारीख पण घातलीय.''

मुलगा साहेबांना बोलवायला गेला. साहेब आले, वही वाचली, म्हणाले, ''मॅडम, अशी पद्धत नाही.'' मग त्यांच्याहून मोठे साहेब आले. तिघांत एकालाही सही करवेना. अण्णांना व्हाउचर मिळालं खरं, पण ते वापरायला आधी प्रोसेसिंग फी भरा, शनिवार-रविवार सोडून या. ते अजून कपाटात पडून आहे, वहिनी ते टाकू देत नाहीत.

साहेब सही का करेनात? करारात बहुधा एक कलम असतं: विक्रेत्यानं तोंडी दिलेलं आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. पुन्हा सांगतो, तोंडी दिलेलं आश्वासन बंधनकारक नाही. खोली 'उपलब्धतेनुसार', आणि दिवाळी-नाताळ वरच्या, महागड्या सीझनमध्ये. मेन्टेनन्स मात्र न गेलेल्या वर्षीही भरायचा. आणि मालकी म्हणाल, तर आपल्याकडच्या बहुतेक योजनांत मिळतो तो फक्त राहण्याचा हक्क. सातबाऱ्यावर काही तुमचं नाव चढत नाही.

युरोपीय संघात सही केल्यावरही कारण न देता माघार घ्यायला 14 दिवस मिळतात, आणि तेवढ्या दिवसांत विक्रेत्याला पैसे घ्यायलाच मनाई आहे. आपल्याकडे टाइमशेअरचा असा वेगळा कायदा नाही. करारात रद्द करायची मुदत असलीच, तर ती थोड्या दिवसांची असते, म्हणून घरी आल्याबरोबर वाचा आणि नको असेल तर ईमेलनं लेखी कळवा. फोनवर नको, लेखी.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही तरतूद आली. एकतर्फी कलमांविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे जाता येतं. फसवून विकल्याची साधी तक्रार जिल्हा आयोगात, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. कंपनीचं ऑफिस कुठल्याही शहरात असो. मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाची फी नाही. ब्रोशर, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, कार्डाची पावती, सगळं जपून ठेवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या: 1915. एक, नऊ, एक, पाच. मराठीतही बोलता येतं.