देशाची पत आणि घरचा कारभार

श्रोतेहो, नमस्कार.

पेरणीच्या तोंडावर मोंढ्यात उचल मागायला गेलं, की आडत्या काय बघतो? रान किती, विहिरीला पाणी आहे का, मागच्या साली सोयाबीन किती झालं, हे तर तो बघतोच. पण त्याहून जास्त तो माणूस बघतो. मागची बाकी चुकती केली का, भावाभावांत वाद आहेत का, सांगितलेला हिशोब खरा निघतो का. देशाला कर्ज देणारेही हेच बघतात. त्यांच्यासाठी ही पाहणी जगात मुख्यतः तीन संस्था करतात: एस अँड पी, मूडीज आणि फिच. ट्रिपल ए ही सगळ्यात वरची श्रेणी. खाली ‘बीबीबी उणे’पर्यंतचे देश गुंतवणुकीला योग्य, त्याखालचे जोखमीचे. श्रेणी घसरली की व्याज चढतं.

वाढीचा दर, महागाई, तूट (सरकारचा खर्च मिळकतीपेक्षा जितका जास्त तेवढी), परकीय चलनाचा साठा या गोष्टी आकड्यांत सापडतात. कारभाराचं तसं नाही. कायद्याचं राज्य, भ्रष्टाचाराला आळा, सरकारी यंत्रणेचा वकूब, राजकीय स्थैर्य अशा सहा अंगांनी जागतिक बँक त्याचं मोजमाप करते. फिचच्या श्रेणी ठरवायच्या गणितात 18 घटक आहेत आणि त्यांत सर्वाधिक वजन या कारभाराला आहे. हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. मला मात्र ते पटतं, आणि का पटतं ते श्रीलंकेच्या उदाहरणावरून सांगतो.

2019 च्या शेवटी तिथे नवं सरकार आलं. आल्या आल्या व्हॅट 15 टक्क्यांवरून 8 वर आणला. तिजोरी आटली, 2020 मध्ये पतश्रेणी घसरली आणि बाहेरच्या बाजारात नवं कर्ज मिळेना. मग 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पर्यायी खत पुरेसं नव्हतं, शेतकऱ्याला तयारीला वेळ दिला नव्हता. मराठवाड्यात ऐन जून-जुलैत डीएपी खताची एक खेप उशिरा आली तरी काय हाल होतात, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे तर सगळ्या देशाचं खत थांबलं. भाताचं पीक घटलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, त्याला डॉलर गेले. त्याच वर्षी बंदी उठवली, पण नुकसान होऊन गेलं होतं. एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. स्वातंत्र्यानंतर ही पहिलीच वेळ. कोरोनाने पर्यटन बुडालं होतं हे खरं, पण कर आणि खताचे निर्णय सरकारने स्वतः घेतलेले होते.

ग्रीसचा दोष वेगळा. त्याने हिशोबच खोटा दिला. 2009 ची तूट आधी देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे 6 टक्के सांगितली होती, ती सुधारत सुधारत 15 टक्क्यांच्या वर निघाली. एप्रिल 2010 मध्ये एस अँड पीने त्याला जोखमीच्या गटात ढकललं. पुढे ज्या आंद्रेआस जॉर्जिऊ यांनी सांख्यिकी खात्याचे प्रमुख म्हणून खरे आकडे मांडले, त्यांच्यावरच वर्षानुवर्षे खटले चालले. मला हे त्या तुटीपेक्षाही गंभीर वाटतं.

उलट बोत्सवाना बघा. 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. हिरे सापडले, पण तो पैसा हिशोबाने वापरला, पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी ठेवला. 2001 मध्ये त्याला ए गटातली, म्हणजे ‘बीबीबी’च्याही वरची श्रेणी मिळाली.

आता आपलं. 1991 मध्ये आपल्याला सोनं परदेशी गहाण टाकावं लागलं, पण आपण कर्ज बुडवलं नाही. जानेवारी 2007 मध्ये एस अँड पीने ‘बीबीबी उणे’ दिलं आणि तिथेच 18 वर्षं ठेवलं. या काळात भारत मोठ्या अर्थव्यवस्थांत वेगाने वाढणारा होता. दिल्लीतलं अर्थ मंत्रालय तक्रार करत आलं, की कारभाराचं मोजमाप बरंचसं तज्ज्ञांच्या मतांवर चालतं आणि विकसनशील देश त्यात मागे पडतो. तक्रारीत तथ्य आहे. पण 14 ऑगस्ट 2025 ला श्रेणी एक पायरी वर चढून ‘बीबीबी’ झाली, ती नुसत्या वाढीमुळे नाही. 2020-21 मध्ये 9.2 टक्क्यांवर गेलेली केंद्राची तूट दरसाल सांगून खाली आणली, 2016 पासून महागाईचं लक्ष्य कायद्याने बांधलं. सांगितलं ते केलं, म्हणून पत वाढली.

याचा आपल्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. 2025-26 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकूण खर्च 50.65 लाख कोटी, त्यात नुसतं व्याज 12.76 लाख कोटी. रस्ते, रेल्वे, धरणं अशा भांडवली कामांना 11.21 लाख कोटी. म्हणजे नव्या बांधणीपेक्षा व्याज जास्त. आणि मराठवाड्यातल्या आपल्या आठही जिल्ह्यांत ‘पोकरा’ या कृषी संजीवनी प्रकल्पातून शेततळी, ठिबक, शेडनेट आले, त्यामागे जागतिक बँकेचं 42 कोटी डॉलरचं कर्ज आहे. ते भारत सरकारच्या नावावर मिळालं.

राज्याचं अंदाजपत्रक मार्चमध्ये येतं. त्यात तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात. घोषणा पहिल्या रकान्यात असते. मराठवाड्याच्या सिंचनासाठी जाहीर झालेली रक्कम दोन वर्षांनी प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात किती उरली, ते शोधा, आणि आपल्या आमदारांना विचारा.

नमस्कार.