सरासरीआड लपलेली डिस्क

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर, सकाळ. शटर वर जातंय. सागवानाच्या ठोकळ्यावर रंधा फिरतोय.)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनांनी नावारूपाला आलेला हा भाग. तळमजल्यावरच्या या पॅटर्न शॉपमध्ये आज पंपाच्या केसिंगचा लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठीचा नमुना, तयार होतोय. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा साधारण एक टक्क्यानं मोठा ठेवावा लागतो. भिंतीवर ड्रॉइंग टांगलंय. त्यात प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन अशी तीन सपाट चित्रं आहेत. ती वाचून कारागीर हातात धरता येईल अशी एक वस्तू घडवतो.

(दृश्य : लोखंडी जिना. वरच्या खोलीत सर्व्हरचा रॅक, हिरवे दिवे लुकलुकताहेत.)

जिना चढून वर गेलं की एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस लागतं. आसपासच्या कारखान्यांची ड्रॉइंग, बिलं आणि स्टॉकच्या नोंदी या रॅकमध्ये राहतात. बऱ्याच दिवसांपासून एक तक्रार होती : सकाळी झटकन उघडणारं ड्रॉइंग संध्याकाळी उघडता उघडत नाही.

(दृश्य : काळा स्क्रीन, दर काही सेकंदांनी बदलणारे आकडे.)

हा स्क्रीन जगभरातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. प्रोग्रॅमचं नाव ‘टॉप’. विल्यम लेफेव्र यांनी तो १९८४ मध्ये लिहिला. वरच्या ओळीत लोड ॲव्हरेजचे, म्हणजे मशीनवरच्या कामाच्या सरासरी ओझ्याचे, तीन आकडे दिसतात : गेल्या १ मिनिटाचा, ५ मिनिटांचा आणि १५ मिनिटांचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या आकड्यांत प्रोसेसरवर चालणारी आणि पाळीची वाट पाहणारी कामं मोजली जातातच, शिवाय डिस्ककडून उत्तर येईपर्यंत अडकलेली कामंही धरली जातात. आकडा वाढला की कुठंतरी अडलंय एवढं कळतं. कुठं अडलंय, ते त्यातून कळत नाही.

रॅकमध्ये १२ डिस्क आहेत. समजा, त्यांतल्या ११ डिस्क पाच टक्के वेळ कामात आहेत आणि एक ९६ टक्के. सगळ्यांची सरासरी काढली तर ती तेरा टक्क्यांच्याही आत येते. हिशेब बरोबरच आहे. पण ज्या डिस्कसमोर सगळी रांग खोळंबली आहे, नेमकी तीच या हिशेबात दिसेनाशी होते. या खोलीतल्या मुलांनी जे काम हाती घेतलं, ते याच लपलेल्या डिस्कसाठी.

(दृश्य : भिंतीवर प्रोजेक्टर. निळ्या जमिनीवर उंच-सखल खांबांच्या रांगा सावकाश फिरताहेत.)

जमिनीच्या एका कडेवर डिस्क ओळीनं मांडल्या आहेत, दुसऱ्या कडेवर दिवसाचे तास. प्रत्येक खांबाची उंची म्हणजे ती डिस्क त्या वेळी किती टक्के कामात होती. लांबी, रुंदी आणि उंची या तिघांवरही काहीतरी मोजलेलं आहे, शोभेसाठी काहीच उभं केलेलं नाही. बारा डिस्कांचा अख्खा दिवस एका नजरेत मावतो.

(दृश्य : कीबोर्डवर बोटं. स्क्रीनवर डिस्कची नावं आणि आकड्यांच्या लांबलचक ओळी.)

हे आकडे येतात कर्नेलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून. मशीन सुरू झाल्यापासून डिस्क एकूण किती मिलिसेकंद कामात होती, याची बेरीज कर्नेल ठेवतो. ही बेरीज सारखी वाढतच जाते, त्यामुळे ती तशीच चितारली तर खांब नुसते चढत राहतील. म्हणून दोन वाचनं घ्यायची, त्यांतला फरक काढायचा आणि मधल्या वेळानं भागायचं. एका सेकंदात, म्हणजे १,००० मिलिसेकंदांत, डिस्क ९६० मिलिसेकंद कामात असेल तर ती ९६ टक्के व्यस्त आहे. फिरत्या डिस्कच्या बाबतीत याचा अर्थ सरळ लागतो. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, एका वेळी अनेक मागण्या हाताळते, त्यामुळे तिथं हाच आकडा शंभरला टेकला तरी तिची क्षमता संपली असं म्हणता येत नाही. शिकाऊ मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

आकडे गोळा करून साठवायचं काम ‘परफॉर्मन्स को-पायलट’ हा प्रोग्रॅम करतो, आणि त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी त्रिमितीय चित्रांच्या संगणकांसाठी प्रसिद्ध होती. प्रोग्रॅममधून अशी चित्रं काढण्याचं ओपनजीएल हे तंत्र १९९२ मध्ये तिथूनच बाहेर आलं. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये मुलगी संगणकावर ठोकळ्यांच्या नगरीवरून उडत उडत फाइल शोधते, तो प्रोग्रॅमसुद्धा याच कंपनीचा आणि खराखुरा होता. त्याच दशकात कंपनीच्या मेलबर्नमधल्या केन मॅकडोनेल यांच्या गटानं को-पायलट उभा केला. प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क यांचे आकडे त्रिमितीय खांबांच्या रूपात दाखवणारी साधनं त्याच्यासोबत होती. मोठ्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि डिस्क इतक्या असायच्या, की रेषांचे आलेख काढले तर नुसता गुंता झाला असता.

सन २००० मध्ये को-पायलट मुक्त स्रोत झाला. एकेकाळी महागड्या वर्कस्टेशनसोबत मिळणारी ही विद्या आज उद्यमनगरातला मुलगा फुकट उतरवून घेऊ शकतो, तिचा कोड उघडून वाचू शकतो, त्यात भर घालू शकतो. चित्र काढण्याचा भाग तर या मुलांनी स्वतःच लिहिलाय, ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं काढणाऱ्या वेबजीएलवर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, परवान्याची फी नाही. खालच्या मजल्यावर जिग आणि फिक्श्चर, म्हणजे काम पक्कं धरून ठेवणारी साधनं, स्वतः बनवून घेतात, तीच रीत इथंही आहे.

(दृश्य : तळमजल्यावरचा पॉवर प्रेस. फरशीवरच्या ग्लासातलं पाणी हलतंय.)

पहिला संशय या प्रेसवर गेला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणारे ब्रेंडन ग्रेग २००८ च्या अखेरीला डिस्कच्या रॅकसमोर उभे राहून मोठ्यानं ओरडले होते. आवाजाच्या कंपनांनी काही डिस्कांचा प्रतिसाद लांबला, आणि ते आलेखावर तत्क्षणी उमटलं. मग प्रेसनं फरशी हादरत असताना वरच्या डिस्कांचं काय होत असेल?

(दृश्य : प्रोजेक्टरचं चित्र. तळमजल्यावरचे पॅटर्नमेकर दारात उभे.)

उत्तर भिंतीवरच होतं. प्रेस सकाळपासून चालतो, आणि सकाळच्या भागात सगळे खांब बुटके आहेत. संध्याकाळी सहानंतर मात्र एकाच डिस्कच्या ओळीत उंच खांबांची रांग लागते, शेतातल्या बांधासारखी.

“ह्यो एकच एवढा वर कसा काय आलाय, पोरी?” पॅटर्नमेकर मामा विचारतात.

“मामा, त्या डिस्कवर ड्रॉइंग आहेत सगळी.”

“आणि त्येच्या मागं काय दडलंय? वरनं दाखीव की.”

(दृश्य : चित्र फिरतं. खांब सपाट होऊन रंगीत चौकोनांची जाळी उरते.)

मामांनी मागितला तो प्लॅन, म्हणजे वरून दिसणारं चित्र. त्रिमितीय चित्राची खरी अडचण त्यांनी नेमकी पकडली : पुढचा उंच खांब मागच्याला झाकतो, आणि लांबचा खांब असतो त्याहून लहान भासतो. वरून पाहिलं की उंची दिसत नाही, तिची जागा रंग घेतो. त्यासाठी फिक्यापासून गडदपर्यंत एकाच रंगाची चढण ठेवली आहे. लाल-हिरवा मुद्दाम टाळलाय, कारण तो फरक सगळ्यांच्याच डोळ्यांना दिसतो असं नाही. बाजूनं पाहून चढ ओळखायचा, वरून पाहून नेमकी वेळ वाचायची. दोन्ही दृश्यांमध्ये एका बटनाचं अंतर आहे.

वरून पाहिल्यावर गडद पट्टी बरोबर सहाच्या रेघेवर सुरू होताना दिसली. त्या वेळेला बॅकअप लावलेला होता. कारखान्यांची ऑफिसं सहाला बंद व्हायची, तेव्हा ठरवलेली वेळ. आता दुसऱ्या पाळीची ड्रॉइंग त्याच सुमाराला उघडली जातात.

बॅकअप रात्री दोनवर नेला. तक्रार थांबली.

(दृश्य : त्याच भिंतीवर दुसऱ्या आठवड्याचं चित्र. सहाच्या रेघेवर आता ठेंगणे खांब.)

को-पायलट नोंदी साठवून ठेवतो, त्यामुळे कुठलाही जुना दिवस पुन्हा चालवून पाहता येतो. नवीन आलेल्या मुलांचं शिक्षण आता असंच सुरू होतं. आधी तक्रारीच्या दिवसाची नोंद लावायची, चित्र हातानं फिरवायचं, अडचण कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायचं, आणि मग कमांड शिकायच्या. सध्या डेटाबेसच्या क्वेरींचा, म्हणजे त्याच्याकडे येणाऱ्या माहितीच्या मागण्यांचा, प्रतिसादकाळ याच जमिनीवर मांडायचं काम चाललंय. तिथं डिस्कच्या जागी क्वेरी येतील, आणि त्या बारापेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणून वरून दिसणाऱ्या चित्रावर मुलांचा भर आहे. उंच खांब फक्त निवडलेल्या तासापुरते उभे राहतील.