बेटावरचा एक दिवस: आखणी आई-बाबांपासून

नमस्कार श्रोतेहो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-बाबा इकडं टिळकवाडीत, शहापुरात, नाहीतर गावाकडच्या घरात. जूनमध्ये तिकडं नातवंडांच्या शाळांना सुट्टी लागते आणि आई-बाबा सांबऱ्याहून विमान धरतात. तिकडं पोचल्यावर कळतं, मुलानं सगळ्यांसाठी क्रूझचं बुकिंग करून ठेवलंय. फ्लोरिडातल्या मायामी नाहीतर पोर्ट कॅनव्हरल बंदरातून जहाज निघणार, तीन-चार रात्री पाण्यावर काढायच्या, आणि मधला एक दिवस कंपनीच्या खासगी बेटावर. त्या एका दिवसाबद्दल मी आज बोलणार आहे.

माझं काम सहली आखून देण्याचं. जाऊन आलेली मंडळी भेटायला येतात, फोटो दाखवतात. निळंशार पाणी, पांढरी वाळू, घसरगुंडीवरून येणारा नातू. मी विचारते, "काकू, तुम्ही काय केलंत?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "मी सावलीला बसले होते की. सामान होतं ना सगळ्यांचं." पोरं म्हणाली चल, तर हिनंच म्हटलेलं असतं, "मी बसते हितं, तुम्ही जावा." सातासमुद्रापार जाऊन आपली आई पिशव्या राखत बसली, याचं मला फार वाईट वाटतं. पोरांचं प्रेम कमी नसतं. कुणी काय करायचं हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून असं होतं. तेव्हा या दिवसाची आखणी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरू करा, हेच सांगायला मी आज आले आहे.

आधी हे बेट म्हणजे काय ते समजून घेऊ. यातली बहुतेक बेटं बहामा देशात आहेत, फ्लोरिडाच्या पूर्वेला. जहाज कंपन्यांनी ती विकत किंवा भाडेपट्ट्यानं घेतलेली. याची सुरुवात नॉर्वेजियन नावाच्या जहाज कंपनीनं केली, १९७७ पासून ती आपले प्रवासी ग्रेट स्टिरप के या बेटावर उतरवते. नावातलं 'के' म्हणजे छोटं बेट. डिस्नेचं कास्टअवे के १९९८ साली सुरू झालं. रॉयल कॅरिबियन कंपनीनं आपलं कोकोके बेट २०१९ मध्ये नव्यानं बांधून काढलं, तिथं ४५० फूट उंच जाणारा हेलियमचा फुगा आहे आणि १३५ फूट उंचीची पाण्याची घसरगुंडी आहे. एमएससी कंपनीच्या ओशन के बेटावर पूर्वी समुद्रातली वाळू उपसायचं काम चालायचं. ती जागा साफ करून त्यांनी तिथं किनारे केले, झाडं लावली. प्रत्येक बेटाचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून मुलांना पहिला प्रश्न विचारा: आपलं बेट कोणतं?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. जहाज तिथं धक्क्याला लागतं, की लांब नांगर टाकून छोट्या बोटीनं न्यायचं? कोकोके आणि कास्टअवे के इथं धक्का आहे. जिना उतरलं की चालत जायचं, पुढं ट्रामगाडीही असते. काही बेटांवर मात्र लहान बोटीतून जावं लागतं. जहाज आणि बोट दोन्ही लाटांवर हलत असतात आणि मधली फट ओलांडून पाऊल टाकायचं असतं. खलाशी हात धरतात, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते सोपं जात नाही. शिवाय धक्का असेल तर आई दोन तास बेटावर राहून दमली की जहाजावर परत जाऊ शकते, जेवून, झोपून दुपारनंतर पुन्हा खाली येऊ शकते. बोटीनं जायचं असेल तर तेवढी मोकळीक राहत नाही. रांग लागते, नंबर घ्यावा लागतो. सारा बेत या एका गोष्टीवर ठरतो.

आता पैशाचं. बेटावर उतरणं, किनारा, खुर्च्या आणि बहुतेक जेवण हे जहाजाच्या तिकिटातच धरलेलं असतं. कोकोकेवर ओॲसिस लगून नावाचा गोड्या पाण्याचा प्रचंड मोठा तलाव आहे, तोही त्यातच. लहान मुलांसाठी पाण्याचे फवारे आहेत, तेही. उंच घसरगुंड्यांचा वॉटरपार्क, तो फुगा, तारेवरून घसरत जाणं, खासगी झोपडी म्हणजे कबाना, यांचे पैसे वेगळे, आणि ते थोडे नसतात. कबानाला शेकडो डॉलर पडतात. सणाचे, सुट्टीचे दिवस असले की दर चढतात. जहाजावर चढण्याआधी घरी बसून बुकिंग केलं तर बहुधा स्वस्त पडतं.

माझं मत विचाराल तर चार-पाच माणसांच्या कुटुंबानं वॉटरपार्कची तिकिटं सरसकट काढू नयेत. पोरांची काढा, सोबत एक मोठं माणूस असू द्या. लहानग्यांची उंची घरीच मोजून घ्या, मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते आणि रांगेतून परत पाठवलेलं पोर दिवसभर रडतं. आजी-आजोबा असतील आणि चार घरं मिळून गेली असतील तर कबाना मात्र मला वाया वाटत नाही. सावली, बसायला जागा, सामान ठेवायला कपाट. सामान राखायला माणूस बसवायची गरजच उरत नाही. कबाना घ्यायचा नसेल तर मोठे जण तासातासानं पाळी लावून सामानाजवळ बसतील असं आदल्या रात्रीच ठरवा. त्या पाळीत आईचं नाव घालू नका. तशी न्यायची पिशवीही एकच पुरे. टॉवेल जहाजावरून मिळतात, परत दिले नाहीत तर पैसे कापतात, एवढं लक्षात ठेवा.

आईला पाण्यात कधी न्यायचं? सकाळी. जहाज साधारण सात-आठला लागतं. लोक न्याहारी करत रेंगाळतात, किनारा रिकामा असतो, ऊन कोवळं असतं. आपण बेळगावची माणसं, अडीच हजार फुटांवरच्या गार हवेत वाढलेली. तिथलं दुपारचं ऊन पांढऱ्या वाळूवरून उलटून तोंडावर येतं, छत्रीखालीसुद्धा भाजतं. दहाच्या आत आजी-आजोबांचं पाण्यात जाणं उरकावं. मग पोरांनी खुशाल घसरगुंड्यांकडं पळावं. सावलीतल्या खुर्च्याही सकाळीच भरतात, तेव्हा लवकर उतरण्याचा दुहेरी फायदा.

कपड्यांवर थोडं बोलते, कारण अडतं तिथंच. सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस भिजला की जड होतो, पायात गुंडाळतो, चालताना पाडतो. पटकन वाळणाऱ्या कापडाची लांब बाह्यांची पोहण्याची कुर्ती आणि खाली तसलीच लेगिंग मिळते. अंग झाकलेलं राहतं, उन्हापासूनही बचाव होतो. मुलींनो, आईसाठी हे आधीच आणून ठेवा आणि घरी एकदा घालून दाखवायला सांगा. तिथं गेल्यावर "मला नको ते" म्हणायला तिला कारण उरणार नाही. घसरगुंडीवर धातूची चेन किंवा बटणं असलेले कपडे चालत नाहीत, हेही बघा.

मधुमेह असलेल्यांनी हे नीट ऐकावं. तळपायाची जाणीव कमी झालेली असते. तापलेल्या वाळूवर अनवाणी चाललं तर फोड येईपर्यंत कळत नाही, शिंपल्याचं टोक लागलं तरी कळत नाही. पाण्यात घालायचे रबरी बूट मिळतात, ते पायातून काढूच नका, आणि संध्याकाळी खोलीत गेल्यावर तळवे बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. रक्तदाबासाठी लघवी जास्त करवणारी गोळी चालू असेल तर उन्हात अंगातलं पाणी लवकर कमी होतं, तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. औषधं त्या एका पिशवीत हाताशी असू द्या. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बऱ्याच बेटांवर जाड फुगीर चाकांची, वाळूवर चालणारी खुर्ची मिळते. अशा खुर्च्या थोड्याच असतात आणि आधी येणाऱ्याला मिळतात.

आपल्याकडचे पुष्कळ पुरुष पट्टीचे पोहणारे आहेत. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले, मलप्रभेच्या डोहात उड्या मारलेले. त्यांना मी हात जोडून सांगते, समुद्राला विहिरीचा हिशेब लावू नका. किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह असतो, त्यात सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडायचं, मग वळायचं. या बेटांवरचे पोहण्याचे भाग बहुतेक आडोशाचे, शांत असतात, जीवरक्षक बसलेले असतात, झेंडे लावलेले असतात. लाल झेंडा दिसला की पाण्याबाहेर. आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांनी लाइफ जॅकेट मागून घ्यावं. खारं पाणी माणसाला चांगलं उचलून धरतं. जॅकेट घालून, मुलीचा हात धरून, आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर उताणी तरंगलेली एक मावशी मला त्याबद्दल सांगत होती, तेव्हा तिचा आवाज बदलला होता. साठीनंतर तिला हे मिळालं. पोरांनी पंधरा मिनिटं दिली, एवढंच.

स्नॉर्केलिंग, म्हणजे नळी तोंडात धरून पाण्याखालचे मासे बघणं, यासाठी कवळी काढून ठेवा. आधी उथळ पाण्यात उभं राहून, तोंड बुडवून श्वास घ्यायची सवय करा. प्रवाळावर पाय ठेवू नका. ते जिवंत असतं, मोडलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, आणि पाय कापतो तो वेगळाच.

जेवण. बेटावर दुपारी बार्बेक्यू असतो. बर्गर, कोंबडी, सॉसेज, सोबत सॅलड, फळं, बटाट्याचे काप. शाकाहारी बर्गर मागितला तर बहुधा मिळतो. चिकोडी-निपाणीकडच्या आपल्या जैन घरांनी, आणि कडक शाकाहारी सगळ्यांनीच, बुकिंग करतानाच तसं लिहून द्यावं. आदल्या रात्री जहाजावर जेवताना मुख्य वाढप्याला पुन्हा आठवण करावी, अंडं आणि मासेही चालत नाहीत हे स्पष्ट सांगावं. सकाळची न्याहारी जहाजावरच पोटभर करा. चिवडा, चकली असं पाकीटबंद काही नेता येतं, पण ताजी फळं जहाजावरून खाली न्यायला मनाई असते. जेवणाची वेळ ठरलेली असते, दुपारी उशीर केला तर पडदा पडलेला असतो.

आता हवामान. आपली मंडळी जातात ती जून ते ऑक्टोबरमध्ये, आणि अटलांटिकचा वादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. हिवाळ्यात वादळं नसली तरी उत्तरेकडून जोराचे गार वारे येतात आणि तेव्हा जहाज धक्क्याला लावणं अवघड होतं. कप्तानाला धोका वाटला तर तो बेट सोडून पुढं जातो. त्यावर कुणी चिडू नये, हजारो जीव त्याच्या हवाली असतात. बेटावरच्या गोष्टी जहाज कंपनीकडूनच घेतल्या असतील तर अशा वेळी पैसे परत येतात. नातवंडांना मात्र ही शक्यता आधीच सांगून ठेवा.

कागदपत्रांत एकच सांगते. बहामाला गेलात म्हणजे अमेरिकेबाहेर गेलात, परत शिरायचं आहे. व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे इथं बेळगावात असतानाच बघा. बहामाचे नियम जहाज कंपनीला विचारून घ्या.

कुणी म्हणेल, एवढं लांब कशाला? मुंबईहूनही जहाजं निघतात, गोव्याला, लक्षद्वीपला. होय, आणि लक्षद्वीप फार सुंदर आहे. फक्त ती कंपनीची बेटं नाहीत, तिथं पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं आहेत, मशिदी आहेत, कोळ्यांची घरं आहेत. जायला प्रवेश परवाना लागतो, दारूबंदी आहे, अंगभर कपड्यांचा मान राखावा लागतो. मोठं जहाज बाहेर थांबतं आणि लहान बोटीनं आत जावं लागतं. म्हणजे मघाशी सांगितलेला गुडघ्यांचा प्रश्न इथंही आलाच.

शेवटी वेळेचं. बेटावर फोन चालेलच असं नाही, चालला तर रोमिंगचं बिल येतं. म्हणून उतरल्या उतरल्या एक खूण ठरवा, एखादं ठळक दिसणारं दुकान किंवा मनोरा, आणि सगळ्यांनी बारा वाजता आणि तीन वाजता तिथं यायचं. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. शेवटच्या अर्ध्या तासात सगळं बेट एकदम परततं, भर उन्हात रांग लागते, म्हणून आजी-आजोबांना घेऊन कुणीतरी तासभर आधीच निघावं. पोरं खेळू देत.

ज्यांची तिकिटं निघाली आहेत त्यांनी आज रात्री मुलांचा फोन येईल तेव्हा विचारावं: बेट कोणतं, धक्का आहे की बोट, आणि वाळूवरची खुर्ची मिळते का. आणि मुलांनी फोनवर आईला विचारावं, तुला त्या दिवशी काय करायचंय? ती "काही नाही" म्हणेल. पुन्हा विचारा.

नमस्कार.