हेल्मार्सहाउझेनचा सोनार

[दृश्य: काचपेटीतली वेदी, अगदी जवळून. कॅमेरा सावकाश फिरतो.]

जेमतेम साडेचौतीस सेंटिमीटर लांब आणि साडेसोळा सेंटिमीटर उंच अशी ही पेटी. आत ओकचं लाकूड, वरून चांदीचा पत्रा, जागोजागी सोन्याचा मुलामा. पेटी दिसली तरी ही वेदी आहे, उचलून नेता येणारी. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर धर्मगुरू प्रवासाला निघाला, की अशी वेदी बरोबर असे. वर बसवलेला दगड अभिषेक केलेला असे. तो असला की चर्चच्या इमारतीपासून कितीही दूर मिस्सा, म्हणजे भाकर आणि वाइनची ख्रिस्ती उपासना, अर्पण करता येई.

आता ही अरुंद बाजू पाहा. मधोमध ख्रिस्त. पत्र्याला मागून ठोकून त्याला उठाव दिला आहे. त्याच्या एका अंगाला संत किलियान, दुसऱ्या अंगाला संत लिबोरियस. दोघेही जर्मनीतल्या पाडरबोर्नच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते. कडेनं खडे आणि मोती.

[दृश्य: लांब बाजू. कोरलेल्या रेषांवर प्रकाश.]

लांब बाजूंवर मात्र उठाव नाही, फक्त रेषा आहेत. चांदीत कोरलेल्या आणि काळ्या मसाल्यानं भरलेल्या. ख्रिस्ताचे प्रेषित, म्हणजे त्याचे निवडक शिष्य, बसले आहेत, आणि प्रत्येकाची बसण्याची ढब निराळी आहे. गुडघ्यावरून ओघळणाऱ्या वस्त्राच्या चुण्या पाहा. कोरणी एकदा धातूत उतरली की खोडरबर नसतो. इथे कुठेही हात अडखळलेला दिसत नाही.

हे काम रोगरचं मानतात. हेल्मार्सहाउझेनच्या बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमांनी चालणाऱ्या, मठातला हा सोनार.

[दृश्य: डीमेल नदी, पलीकडे झाडी. जुन्या मठाच्या भिंतीचा उरलेला भाग.]

वेझर नदीला डीमेल जिथे मिळते, त्याच्या जवळच हे गाव आहे. मठाची स्थापना इसवी सन 997ची. रोगर मूळचा इथला नसावा. आज बेल्जियममध्ये असलेलं स्टाव्हलो, तिथून कोलोनचा संत पांटालेऑन मठ आणि मग हे गाव, असा त्याचा प्रवास अभ्यासक मांडतात. 15 ऑगस्ट 1100 ही तारीख असलेल्या एका सनदेत त्याचं नाव येतं. पाडरबोर्नचे बिशप हाइनरिश फॉन वेर्ल यांनी मठाला जमीन आणि चर्चच्या उत्पन्नातला दशांश दिला. मोबदल्यात त्यांना एक सोन्याचा क्रूस मिळाला आणि एक पेटी. ही पेटी रोगर नावाच्या मठवासी बंधूनं किलियान आणि लिबोरियस यांच्या सन्मानार्थ घडवली, असं सनद सांगते. जमीन देणाऱ्याचं नाव तर कागदावर येतंच. इथे घडवणाऱ्याचंही आलं, आणि त्या काळात हे फार थोड्या कारागिरांच्या वाट्याला आलं.

[दृश्य: आजची एक चांदीकामाची कार्यशाळा. खिडकी, ऐरण, भट्टी.]

रोगरची कार्यशाळा आज नाही. पण ती कशी असेल, हे एका पुस्तकातून कळतं. बाराव्या शतकातलं, लॅटिनमधलं, तीन भागांचं. पहिला भाग रंगांचा, दुसरा काचेचा, तिसरा आणि सर्वांत मोठा धातूंचा. लेखक स्वतःला थिओफिलस म्हणवतो. व्हिएन्नातल्या एका हस्तलिखितावर मात्र ‘थिओफिलस, म्हणजेच रूगेरुस’ असं लिहिलेलं आहे. या दुव्यावरून 1874 साली आल्बर्ट इल्ग यांनी लेखक म्हणजे हाच रोगर असं मांडलं. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. पण वेदीवरचं काम आणि पुस्तकातली कृती शेजारी ठेवून पाहा. हे पुस्तक ज्यानं लिहिलं त्याचे हात निखाऱ्याशी खेळलेले होते, याबद्दल शंका उरत नाही.

तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत देव आहे, पण कामाची सुरुवात सोन्यापासून होत नाही. इमारतीपासून होते. उंच, ऐसपैस जागा हवी. दक्षिणेच्या भिंतीला खिडक्या हव्यात आणि दोन खिडक्यांमध्ये पाच फुटांचं अंतर. ओतकामाची जागा वेगळी. मग कारागिरांची बैठक. मग भट्टी. मग मेंढ्याच्या कातड्याचा भाता. मग ऐरणी, हातोडे, चिमटे, तार ओढायच्या छिद्रांच्या पट्ट्या, कानशी, कोरण्या. मिस्साच्या चषकापर्यंत पोचायच्या आधी लेखक आपल्याकडून अख्खं दुकान मांडून घेतो. अवजाराला पाणी कसं द्यावं हेही तो सांगतो. तीन वर्षांचा बोकड तीन दिवस उपाशी बांधून ठेवा, मग त्याला फक्त नेचा खाऊ घाला आणि त्याच्या मूत्रात तापलेलं लोखंड विझवा. आज हे विचित्र वाटतं. त्या काळी कारागीर हे असंच एकमेकांच्या कानात सांगत होते. यानं ते उघड लिहून ठेवलं.

[दृश्य: चांदीची गोल चकती. परकार. हातोड्याचे ठोके.]

आता चषक. चांदीची चकती, मधोमध खूण, परकारानं आखलेली वर्तुळं. ठोके त्या वर्तुळांवरून फिरत राहतात. ठोकता ठोकता चांदी ताठरते, मग ती पुन्हा निखाऱ्यावर ठेवून नरम करायची आणि पुन्हा ठोकायची. आईच्या हाताखाली भाकरी वाढत जावी तसा हा पत्रा काठाकडे वाढत जातो. मग तो हळूहळू वर उठतो, पेला होतो. खाली पाया आणि मध्ये हाताला धरायची गाठ. हे भाग जोडायला डाक लावायची तर दोन भाग चांदी आणि एक भाग तांबं.

[दृश्य: कोरलेल्या रेषा. काळी पूड. धूर.]

काळ्या रेषांचा मसाला म्हणजे निएलो. चांदी, तांबं आणि शिसं एकत्र वितळवून त्यात पिवळा गंधक घालायचा. थंड झाल्यावर फोडायचा, कुटायचा, धुवायचा. कोरलेल्या रेषांत भरून पुन्हा आच द्यायची. मसाला वितळून रेषेत बसतो. वरचा जादा भाग घासून काढला की चांदी पांढरी आणि रेषा काळी. वेदीवरचे प्रेषित असेच उमटले आहेत.

[दृश्य: मुलाम्याचं काम, काचेआडून. हातमोजे, धुराडं.]

आणि मुलामा. एक भाग सोनं, आठ भाग पारा. दोन्ही घोटून लोण्यासारखं मऊ मिश्रण होतं. ते चांदीवर पसरायचं आणि तापवायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं. उडालेला पारा कुठे जातो? कारागिराच्या नाकातोंडात. पुस्तकात इथे लेखक थांबतो आणि वाचणाऱ्याला बजावतो, की उपाशीपोटी हे काम कधीही करू नका. पाऱ्याच्या वाफा रिकाम्या पोटाला घातक आहेत, त्यातून नाना आजार होतात. उपाय म्हणून तो कचोरा, लॉरेलची फळं, मिरी, लसूण आणि वाइन सांगतो. मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेली, कचोराही पूर्वेकडचाच. हजारो कोस ओलांडून आलेल्या त्या मुठीभर मसाल्यावर एका जर्मन मठातल्या सोनारांनी आपला जीव सोपवला होता. त्यानं पारा अंगातून जात नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पण चर्चच्या सोन्याची किंमत कारागीर श्वासातून मोजतो, हे लिहून ठेवणारा माणूस सोनारच असणार.

[दृश्य: दुसरी वेदी. कातरलेला तांब्याचा पत्रा.]

ही दुसरी वेदी पाडरबोर्नच्याच आब्डिंगहोफ मठासाठी केलेली. इथे चांदी नाही, मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आहे. आकृत्यांभोवतीचा भाग कापून काढला आहे, म्हणून संतांच्या हौतात्म्याचे प्रसंग गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतात. तलवार उगारलेला हात, वाकलेली मान, सगळं रेषेतच.

बेनेडिक्टच्या नियमावलीचा 57वा अध्याय सांगतो, की मठातल्या कारागिरानं नम्रतेनं काम करावं आणि कौशल्याचा गर्व झाला तर त्याला त्या कामावरून काढावं. थिओफिलसही प्रस्तावनेत स्वतःला मठवासी म्हणवून घ्यायला अपात्र म्हणतो. पण त्याच प्रस्तावनेत तो वाचकाला सांगतो, की ग्रीसचे रंग, फ्रान्सच्या खिडक्या, अरबस्तानचं धातुकाम, आणि सोनं, चांदी, तांबं, लोखंड यांत जर्मनीचं कसब, हे सारं तुला इथे मिळेल. ईश्वरानं फुकट दिलेलं लपवून ठेवू नये, ही त्याची भूमिका. बदल्यात तो एकच मागतो: माझ्या श्रमाचा उपयोग झाला, तर माझ्यासाठी प्रार्थना करा.

धर्मसुधारणेच्या, म्हणजे सोळाव्या, शतकात हेल्मार्सहाउझेनचा मठ बंद झाला, इमारती पडल्या.

[दृश्य: हस्तलिखिताचं पान.]

1774 मध्ये जर्मनीतल्या वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात लेखक गॉटहोल्ड एफ्राइम लेसिंग यांनी थिओफिलसच्या पुस्तकाच्या प्रतीकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. त्यांचा प्रश्न तैलरंग किती जुने, एवढाच होता. सोनाराच्या भागाला धातू जाणणारा वाचक हवा होता. 1963 साली शिकागोहून प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात लॅटिनच्या अभ्यासकाबरोबर सिरिल स्टॅन्ली स्मिथ हे धातुशास्त्रज्ञ बसले होते. अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात, लॉस अलामॉसला, प्लुटोनियमवर काम केलेल्या या माणसानं मठातल्या कृती एकेक करून धातूच्या नियमांशी ताडून पाहिल्या.