ऑप्शन कोणाच्या हातात?

नमस्कार मंडळी, राम राम.

आज एका शब्दावर बोलायचं आहे. ऑप्शन. इंग्रजीतला हा शब्द आता थेट वावरापर्यंत पोचला आहे. पोरगं म्हणतं, इतिहासाचे दोन धडे ऑप्शनला टाकले. कृषी केंद्रवाला म्हणतो, हे औषध संपलं, दुसरा ऑप्शन देऊ का? आणि कर्जाच्या हप्त्यानं बेजार झालेला माणूस म्हणतो, आता काही ऑप्शनच उरला नाही. पोराच्या तोंडी त्याचा अर्थ सोडून देणं, दुकानदाराच्या तोंडी बदली माल, आणि तिसऱ्याच्या तोंडी सुटकेची वाट. मूळ शब्द लॅटिन. रोमन सैन्यात शंभराच्या तुकडीचा नायक आपला जो मदतनीस निवडून घ्यायचा, त्याला ओप्तिओ म्हणत.

पण आज मला बाजारातला अर्थ सांगायचा आहे. बाजारात ऑप्शन म्हणजे हक्क आहे, पण बंधन नाही. पुन्हा सांगतो. हक्क आहे, बंधन नाही. ठरल्या भावानं, ठरल्या तारखेपर्यंत माल घेण्याचा हक्क असेल तर तो कॉल, विकण्याचा हक्क असेल तर तो पुट. ज्याच्याकडे हक्क, तो मोकळा. समोरचा बांधलेला. म्हणून मोकळ्या माणसानं बांधलेल्या माणसाला आधी पैसे मोजायचे असतात. एवढं ध्यानात ठेवा, आणि आता माझ्या मामांची गोष्ट ऐका.

मामा वरुड तालुक्यातले, संत्र्याची बाग. त्या साली अंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरता सरता फुलणारा, असा लागला होता की फांद्यांना बल्ल्या लावाव्या लागल्या. पोळ्याच्या सुमारास व्यापारी आला. चार ओळी फिरला, एक फळ तोडलं, आडवं कापलं, अंगठ्यानं दाबून रस पाहिला, अन् धुऱ्यावर बसून उक्ता, म्हणजे अख्ख्या बागेचा मिळून, सौदा केला. सहा लाख. पन्नास हजार इसार दिला, बाकी तोडणीच्या वेळी. कागद नाही, चिठ्ठी नाही. दिवाळीच्या आत तोडतो म्हणाला.

दसऱ्याआधी दुसरा एक व्यापारी आला. तो पन्नास हजार जास्त द्यायला तयार होता. मामा म्हणाले, शब्द दिला आहे. आणि खरं सांगतो, शब्द पाळणारी माणसं आहेत म्हणून आपल्या भागातला अर्धा व्यवहार अजून चालतो. मला त्यांचा अभिमान आहे.

पुढं बाजार बसला. बांगलादेशानं आयात शुल्क चढवत नेल्यापासून आपल्या संत्र्याला हा मार बसतोच आहे. दिवाळी झाली, व्यापारी नाही. फोन लावला तर बंद. इकडे फळ पिकून गळू लागलं. सकाळी बागेत गेलं की झाडाखाली सडा, त्यावर माश्या. आणि नुकसान एवढ्यावर थांबत नाही, हे बागवाल्यांना सांगायला नको. फळ झाडावर असेपर्यंत ताण देता येत नाही, म्हणजे पुढच्या बहारासाठी झाडाचं पाणी तोडता येत नाही, ताण लांबला की पुढचा अंबिया बिघडतो. म्हणजे या सालाचंही गेलं अन् पुढच्याही.

शेवटी व्यापारी आला. म्हणाला, भाव पडले, चार लाखांत देत असाल तर उद्या गाडी लावतो. मामांनी दिली. काय करतील?

त्या रात्री मामी जेवायला वाढताना बोलल्या. शाळा सातवीपर्यंत, पण हिशेब पक्का. म्हणाल्या, "भाव वाढला असता तं तो दसऱ्यालेच गाडी घेऊन आला असता. भाव पडला तं फोन बंद. त्याले परवडलं तं तोडन, नाही परवडलं तं सोडन. अन् आपण नुसती वाट पाह्याची? मंग वाट पाह्याचे पैसे घ्या ना त्याच्यापासून!"

मंडळी, मोठ्या शहरातल्या शेअर बाजारात याच वाट पाहण्याच्या पैशाला प्रीमियम म्हणतात. व्यापाऱ्याच्या हातात ऑप्शन होता. मामांनी तो विकला होता, आणि विकला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढच्या साली मामीनं पोराच्या वहीचा कागद फाडला आणि दोन प्रती लिहिल्या. सौद्याची रक्कम. इसार रकमेच्या तिसऱ्या हिश्शाचा. तोडणी अमुक तारखेच्या आत. तारीख उलटली तर इसार बागवाल्याचा आणि बाग मोकळी. पहिला व्यापारी बाजेवरून उठलाच. "बाई, असा धंदा होत नसते." मामी म्हणाल्या, "नका करू." दुसराही गेला. मामा दोन दिवस घुश्शात. तिसरा मात्र बसला, चहा घेतला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, सही करतो, पण रक्कम पंचवीस हजारानं कमी धरा. मामीनं धरली. तोडणी वेळेत झाली, झाडांना ताण वेळेवर बसला.

तेव्हा बागवाल्यांनो, चिठ्ठीवर तोडणीची शेवटची तारीख घाला. पुन्हा सांगतो, तारीख घाला. तारीख उलटल्यावर इसार कोणाचा, तेही लिहा. दोघांच्या सह्या घ्या.

आता जाता जाता मोबाइलवरच्या ऑप्शनबद्दल, कारण हे पाहून माझा जीव तुटतो. पानटपरीवर बसून पोरं निफ्टीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे, कॉल-पुट घेतात. आपल्या देशात हे ऑप्शन २००१ साली सुरू झाले, पण गावात पोचले ते स्वस्त इंटरनेटसोबत. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. शंभरातले त्र्याण्णव. बापानं कपाशी विकून आणलेला पैसा यात घालू नका रे पोरांनो.

त्यापेक्षा घरचा ऑप्शन सांभाळा. हमीभाव हा शेतकऱ्याचा पुट ऑप्शनच आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये ठरले. बाजारात जास्त मिळालं तर बाजारात विका, कमी मिळालं तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर न्या. तुम्हाला हक्क आहे, बंधन नाही. फक्त नोंदणी मुदतीत करा आणि कापूस वाळवून न्या. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर कपात, आणि १२ च्या पुढं गेला तर गाडी परत.

पीक विम्याचंही तसंच. खरीप २०२० पासून कर्जदारालाही तो ऐच्छिक झाला. पण नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेत लेखी द्यावं लागतं. दिलं नाही तर हप्ता खात्यातून कापला जातो.

आणि बारावीनंतर इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांच्या घरी सांगतो. प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म कॅफेवाल्यावर सोपवून आईबाप बाहेर बाकावर बसतात, हे मला मुळीच पटत नाही. पहिल्या नंबरावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून पोरीजवळ खुर्ची ओढून बसा. पहिला नंबर कोणत्या कॉलेजला दिला आणि काहून दिला, ते तिला विचारा, मगच बटण दाबू द्या.

नमस्कार.