टोल देणार नाही, शेणी देणार

दृश्य: शिवाजी पेठेतला चौक, सकाळची वेळ. तालमीच्या भिंतीवरचा काळा फळा. एक हात खडूनं नाव लिहितो आहे.

निवेदन:

कोल्हापुरात कुणी गेलं, तर बातमी व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत फिरते. पेपरात दुसऱ्या दिवशी येते. पण पेठेत पक्की बातमी म्हणजे फळ्यावरची. नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता, रक्षाविसर्जन कोणत्या दिवशी. फळा लिहिणारा माणूस बहुधा ठरलेला असतो आणि त्याचं अक्षर पेठेला लांबून ओळखू येतं.

त्यानं खडू खाली ठेवेपर्यंत कामं वाटून झालेली असतात. एकजण बांबू आणि कापड आणायला सुटतो, एकजण शववाहिकेला फोन लावतो, दोघं डॉक्टरांचा दाखला आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन पुढं पंचगंगा स्मशानभूमीत जातात. या सगळ्या धांदलीत एक प्रश्न घरच्यांच्या वाट्याला येत नाही. सरणाचे पैसे कोण भरणार?

ते भरायचेच नसतात. कोल्हापूर महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. पंचगंगा, कसबा बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प, कुठंही जा. ताराबाई पार्कातल्या बंगल्यातला असो नाहीतर झोपडपट्टीतला, सरण सारखंच आणि फुकट. सोय महापालिकेची आहे. पण त्या सरणात जी वस्तू सगळ्यात जास्त लागते, ती पुरवण्यात शहराचा हात मोठा आहे. ती वस्तू म्हणजे शेणी, शेणाच्या गोवऱ्या.

दृश्य: पंचगंगा स्मशानभूमीचं फाटक. टेम्पोचा फाळका पडतो. मंडळाची पोरं साखळी करून शेणी उतरवतात.

निवेदन:

शेणी जवळून बघा. मधे जाड, कडेला पातळ. वरच्या अंगाला थापणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे. खालच्या अंगाला ज्या माळावर वाळली तिथलं गवत, काड्या, एखादा खडा. नीट वाळलेल्या दोन शेणी एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात. आत ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो, आणि अशी शेणी सरणात नुसती धुमसते. उतरवून घेणाऱ्याला म्हणून डोळ्यांपेक्षा कानाचा उपयोग जास्त.

एवढ्या शेणी शहरात येतात कुठून, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला पडतो. कोल्हापूरकराला पडत नाही. या शहरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर अजून म्हैस समोर उभी करून धार काढून देतात. कसबा बावडा महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि तिथं ऊसही आहे, गोठेही आहेत. शहराची वेस ओलांडली की दहा मिनिटांत माळावर शेणींचे ढीग दिसतात. शेण हा इथं कचरा नाही, घरखर्चाला हातभार आहे. एखाद्या बाईनं दुपारभर उन्हात थापलेल्या शेणींचे चार पैसे होतात. ते ती सोडून देते, तेव्हा त्याला दान म्हणतात.

त्या दानाचा हंगाम होळीचा. कोल्हापुरात गेली कित्येक वर्षं तालमी, मंडळं, सामाजिक संस्था आणि शाळा एकच गोष्ट सांगत आल्यात. होळी लहान करा आणि वाचलेल्या शेणी स्मशानभूमीला द्या. होळी अगदी बंद करा असं म्हटलं असतं, तर पेठेनं ऐकलं नसतं. पाच शेणींची होळी पेटवायची, नैवेद्य दाखवायचा, बोंब मारायची हौस भागवायची आणि टेम्पो पंचगंगेकडं वळवायचा, हे मात्र पटलं. आता होळीच्या आठवड्यात कुणी किती शेणी दिल्या यावरून पेठापेठांत चुरस लागते. फुटबॉलच्या मैदानावर ज्यांचं एकमेकांशी जमत नाही, त्या तालमींचे टेम्पो स्मशानभूमीच्या फाटकात मागंपुढं उभे असतात. चुरशीशिवाय कोल्हापुरात काही होत नाही, दानसुद्धा नाही. माझ्या मते त्यात वाईटही काही नाही.

कोरोनात या व्यवस्थेचा कस लागला. २०२० आणि २०२१ मध्ये स्मशानभूमीतले कर्मचारी रात्रंदिवस उभे होते. घरची माणसं जवळ यायला धजत नव्हती, कित्येकदा त्यांना येताही येत नव्हतं. त्या दिवसांत बैतुलमाल कमिटीच्या मुस्लिम कार्यकर्त्यांनी हिंदू मृतांना अग्नी दिला. व्हाईट आर्मी या स्वयंसेवी संस्थेचे जवान होते. आणि शेणी येत राहिल्या. होळी होऊन गेली होती, सणाचं निमित्तही नव्हतं, तरी टेम्पो येतच होते.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. राख नदीत न सोडता झाडांना किंवा शेतात घालणारी घरं आता वाढली आहेत. नैवेद्य ठेवला जातो, कावळा शिवायची वाट बघितली जाते. जाताना काहीजण दानपेटीत पैसे टाकतात. कुणी मागत नाही, पावती फाडायला कुणी मागं लागत नाही. फुकट मिळालेल्या सेवेची ही परतफेड.

दृश्य: जुनी छायाचित्रं. टोलविरोधी मोर्चा, दसरा चौक, झेंडे, लाटणी घेतलेल्या बायका.

निवेदन:

आता हेच शहर दुसऱ्या बाजूनं बघा.

शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून करून घ्यायचे आणि ३० वर्षं टोल वसूल करायचा, असा करार झाला. शहरात शिरणाऱ्या रस्त्यांवर नाके उभे राहिले. कोल्हापूरनं सांगितलं, देणार नाही. प्राध्यापक एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे पुढं, मागं सगळे पक्ष, तालमी, रिक्षावाले, व्यापारी, घराघरांतल्या बायका. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत नाके जळाले. सरकारनं टोल रद्द करायची घोषणा केली २०१५ च्या डिसेंबरमध्ये. ती ऐकायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

बाहेरचे लोक म्हणाले, कोल्हापूरकरांना सगळं फुकट हवं. टोलचा एक रुपया द्यायला हे तयार नाहीत. मग स्मशानभूमीत टेम्पो भरून शेणी कोण देतं? तेच लोक. गाडीतून टोलच्या खिडकीकडं बघून नकाराची मान हलवणारा आणि होळीला शेणी उतरवायला आलेला, एकच गडी. त्याचा हिशेब साधा आहे. विचारून घेतलं तर घरातलं काढून देईल. न विचारता लादलं तर कागदावर सही असली तरी देणार नाही.

विचारणार कोण, हा मात्र मधली काही वर्षं अवघड प्रश्न होता. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची, महापालिका १९७२ ची. इतक्या जुन्या नगरशासनाच्या शहरात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही. पाच वर्षं प्रशासक. सभागृहाला कुलूप. रहिवासी दाखल्यासाठी लोक माजी नगरसेवकाचं लेटरहेड घेऊन गेले, गटार तुंबली की माजीलाच फोन केला. माजी उचलायचाही, कारण त्याला पुन्हा उभं राहायचं होतं. अखेर २०२६ च्या जानेवारीत मतदान झालं. आधी ८१ प्रभाग आणि ८१ नगरसेवक होते, म्हणजे गटार कुणाची हे ठाऊक असायचं. आता प्रभाग २०, जागा त्याच ८१. एका प्रभागात चौघं, फक्त एकात पाच. नागरिकानं चौघांपैकी कुणाला धरायचं आणि चौघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं तर काय, हे पुढच्या पावसाळ्यात कळेल.

हद्दवाढीचं तर बोलायलाच नको. १९७२ पासून हद्द एका इंचानं सरकलेली नाही. शहरवासी म्हणतात गावं आत घ्या, गावं म्हणतात आधी तुमचे रस्ते बघा.

दृश्य: पावसाळा. पंचगंगा घाट पाण्याखाली. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा, दारापर्यंत आलेलं पाणी.

निवेदन:

जुलै लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत. राजारामचं किती, असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती.

पाणी शहरात आलं की सुतारवाड्याला ते आधी कळतं. जयंती नाल्यातून नदीचं पाणी उलटं येतं आणि इथल्या घरांत शिरतं. दरवर्षी महापालिकेची माणसं येतात, कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवतात. दरवर्षी संवादही तोच.

“आजी, चला आता. रात्री पाणी वाढणार आहे.”

“अजून दोन पायऱ्या हायत की बाळा. भांडी वर टाकू दे, मग येते.”

आजींना पायऱ्या पाठ आहेत. कोणत्या पायरीला पाणी लागलं की किती तास उरतात, ते त्या बरोबर सांगतात. तिजोरी, गॅस, टीव्ही, कोंबड्या, या क्रमानं सामान हलतं. आधी कोंबड्या हलवाव्यात असं आपल्याला वाटतं, पण कोंबड्या माळ्यावर बसतात, त्यांना घाई नसते.

मठात जेवण येतं ते मंडळांकडून. आंथरुणं कुणी आणून टाकतं, लहान पोरांना दूध कुणी पाठवतं. महापालिकेचा डॉक्टर गोळ्या देतो, कर्मचारी नावं लिहून घेतो. यात महापालिकेचं काम कुठं संपलं आणि गल्लीचं कुठं सुरू झालं, ते दाखवता येणार नाही. कदाचित म्हणूनच ते चालतं.

आणि मोठ्या पुराची खरी थट्टा पुढं असते. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रं नदीकाठी. नदीच त्यांच्यात शिरली की पंप बंद. २०१९ मध्ये चहूकडं पाणी आणि चावीला थेंब नाही, अशी शहराची गत झाली. टँकरमागं घागरी घेऊन लोक धावत होते. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं पाणी आलं ते २०२३ च्या दिवाळीत. त्या पाण्यासाठी शहरानं किती वर्षं वाट बघितली, ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. धरणापासूनची लाइन नवी आहे, गल्लीतली पुष्कळ ठिकाणी जुनीच. त्यामुळं दाब कमी येतो अशी तक्रार अजून आहे.

मोठ्या पुरात पंचगंगा स्मशानभूमीतही पाणी येतं. मग अंत्यसंस्कार शहरातल्या दुसऱ्या स्मशानभूमींत हलवावे लागतात आणि तिथल्या शेणींवर ताण पडतो. पूर, शेणी आणि फळा या एकाच धाग्यातल्या गोष्टी आहेत, हे अशा आठवड्यात समजतं.

दृश्य: जरगनगरमधली महापालिकेची शाळा. मग लाइन बाजारचा झूम कचरा प्रकल्प, कचऱ्याचा डोंगर.

निवेदन:

इथं थोडं भांडायचं आहे.

लोक उभे राहतात, हे कोल्हापूरचं कौतुक आता सवयीचं झालं आहे. भाषणात प्रत्येक अधिकारी ते करतो. पण शेणी लोक देतात म्हणून स्मशानभूमीची गळकी शेड लोकांनीच दुरुस्त करायची का? पूरग्रस्तांना मंडळं जेवायला घालतात म्हणून सुतारवाड्याच्या कायमच्या पुनर्वसनाचं बोलणं दरवर्षी पाणी ओसरल्याबरोबर ओसरायचं का? झूम प्रकल्पातल्या कचऱ्यापुढं कुठल्याच तालमीचं बळ पुरत नाही. तिथं यंत्रं लागतात, पैसा लागतो, आणि रोज न चुकता येणारा मुकादम लागतो. लोकांची वर्गणी ही महापालिकेच्या अंदाजपत्रकातली जमेची बाजू धरायची नसते.

महापालिकेनं मनावर घेतलं तर काय होतं, त्याचा दाखला जरगनगरात आहे. तिथली महापालिकेची मराठी शाळा. गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. ज्या काळात सरकारी मराठी शाळा पटाअभावी बंद पडतात, त्या काळात ही रांग. तिथं शिक्षकांनी काम केलं, पालकांनी विश्वास ठेवला, आणि मग गर्दी आपोआप झाली. वशिल्याची चिठ्ठी घेऊन महापालिकेच्या शाळेत प्रवेश मागायला लोक जातात, ही गोष्ट मला शहराच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

दृश्य: स्मशानभूमीची शेड. छतापर्यंत रचलेल्या शेणी, कडेला ताडपत्री.

निवेदन:

होळीपासून पहिल्या पावसापर्यंत हातात सुमारे तीन महिने असतात. त्यात जेवढ्या शेणी येतील आणि कोरड्या राहतील, त्यावर पावसाळा काढायचा. जूननंतर आणलेल्या शेणी ओल्या असतात, त्या घेऊन उपयोग नाही, आणि विकत घ्यायच्या तर पावसात त्या मिळतही नाहीत. तेव्हा ज्यांना द्यायच्या आहेत त्यांनी मे महिना उजाडायची वाट न बघता द्याव्यात. पोत्यात भरून नेलं तर तुकडे होतात, टेम्पोत आडव्या रचून न्याव्यात. टेम्पो मिळत नसेल तर जवळच्या तालमीत सांगा. पाच-पंचवीस असल्या तरी चालतात, दहा घरच्या गोळा झाल्या की गाडी भरते.